प्योंगचांगच्या प्रेक्षकांची बाजू

दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगला फेब्रुवारी २०१८ मध्ये हिवाळी ऑलिंपिक झाले. तेव्हा तिथल्या प्रेक्षकांवर जो शिक्का बसला, तो अजून पुसला गेलेला नाही. कोरियन प्रेक्षकाला खेळ कळत नाही, पदक कळते. राष्ट्राभिमान त्याच्या अंगात येतो, आणि पदक हुकले की तो परक्यांवर चवताळतो किंवा घरच्यांवर उलटतो, असे हे मत. खेळावर लिहिणारे बरेच जण ते इतक्या सहजपणे मांडतात की कोणी पुरावाही मागत नाही. मला हे मत मान्य नाही. पण पूर्वपक्ष आधी नीट मांडावा, हा आपल्याकडचा जुना दंडक आहे, आणि तो पाळण्यात माझेही हित आहे.

पूर्वपक्षाचे साक्षीदार कच्चे नाहीत. पहिला २००२ चा. सॉल्ट लेक सिटीला शॉर्ट ट्रॅक स्केटिंगच्या १५०० मीटर शर्यतीत किम दोंग-सुंग पहिला आला, पण पंचांनी त्याला बाद केले आणि सुवर्ण अमेरिकेच्या अपोलो ओनोला गेले. कोरियातून संतापलेल्या ईमेलांचा असा लोंढा आला की अमेरिकन ऑलिंपिक समितीचा सर्व्हर बंद पडला. दुसरा साक्षीदार खुद्द प्योंगचांगचा. ५०० मीटर शॉर्ट ट्रॅकमध्ये चोई मिन-जंग बाद ठरली, कॅनडाच्या किम बुतँला कांस्य मिळाले, आणि त्या मुलीला इतक्या गलिच्छ धमक्या आल्या की कॅनडाच्या पथकाला तिच्या सुरक्षेसाठी पोलिसांशी बोलावे लागले. तिसरा साक्षीदार म्हणजे आपल्याच स्केटपटूंना राष्ट्रीय संघातून हाकलून द्या, असा सहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या करून सरकारकडे केलेला अर्ज. चौथा त्याआधीचा, जानेवारीतला. उत्तर आणि दक्षिण कोरियाचा महिलांचा संयुक्त आइस हॉकी संघ करायचे ठरले, तेव्हा दक्षिणेतल्या तरुणांनी कडाडून विरोध केला. ही पिढी आपमतलबी आहे, तिला ना देशाची फाळणी ठाऊक ना एकीची ओढ, असे तेव्हा म्हटले गेले.

आता हे चारही साक्षीदार एका रांगेत उभे करून पाहा. पहिले दोन सांगतात की हा प्रेक्षक राष्ट्रवादाने आंधळा झाला आहे. चौथा सांगतो की त्याला राष्ट्राचे काहीच पडलेले नाही. तिसऱ्यात तर तो स्वतःच्या देशाच्या खेळाडूंवर तुटून पडतो. एकाच माणसावर राष्ट्रवेडाचा आणि राष्ट्रद्रोहाचा असे दोन्ही आरोप ठेवायचे, हा उघड वदतोव्याघात आहे. म्हणजे या माणसाचा राग राष्ट्र या मापाने मोजताच येत नाही. माप वेगळेच असले पाहिजे.

ते सापडते सोचीच्या ऑलिंपिकमध्ये, चार वर्षे आधी. आन ह्यून-सू हा कोरियाचा शॉर्ट ट्रॅकचा सम्राट. २००६ च्या तोरिनो ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके. पुढे गुडघ्याची दुखापत झाली, क्लब बंद पडला, स्केटिंग संघटनेतल्या गटबाजीच्या बातम्या येत राहिल्या, आणि २०११ मध्ये तो रशियाचा नागरिक झाला. २०१४ ला सोचीत तो व्हिक्टर आन या नावाने उतरला आणि रशियासाठी पुन्हा तीन सुवर्णपदके घेऊन गेला. कोरियाच्या पुरुषांना त्या प्रकारात एकही पदक मिळाले नाही. राष्ट्रवेड्या, पदकलोभी प्रेक्षकाने अशा माणसाला गद्दार म्हणायला हवे होते. कोरियन प्रेक्षकांनी बहुतेक त्याचीच बाजू घेतली आणि सगळा रोष आपल्या स्केटिंग संघटनेवर काढला. अखेर राष्ट्राध्यक्षा पार्क गन-हे यांना संघटनेच्या कारभारात गैरप्रकार झाले का, हे पाहायला सांगावे लागले. झेंडा एका बाजूला आणि अन्याय झालेला खेळाडू दुसऱ्या बाजूला असताना लोक कुठे उभे राहिले, हे यावरून दिसते. पूर्वपक्षवाले सोचीचा उल्लेख क्वचितच करतात.

पुढे याच पार्क बाईंचे सरकार ज्या प्रकरणात कोसळले, त्यातही खेळाचा धागा होता. त्यांची मैत्रीण चोई सून-सिल हिची मुलगी चंग यू-रा घोडेस्वार. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तिने सांघिक सुवर्ण मिळवले होते. त्या पदकाच्या आणि आईच्या वशिल्याच्या जोरावर तिला सोलच्या नामांकित इव्हा महिला विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचे उघड झाले. आईबापांकडे पैसा असणे हीसुद्धा एक लायकीच, अशा आशयाचे तिने पूर्वी लिहिलेले शब्दही बाहेर आले. प्रवेशपरीक्षेसाठी वर्षानुवर्षे रात्रीचा दिवस करणाऱ्या पोरांना ते किती झोंबले असतील याची कल्पना करावी. २०१६ च्या हिवाळ्यात मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरलेल्या लाखोंच्या गर्दीत ही पोरे होती. मार्च २०१७ मध्ये घटना न्यायालयाने पार्क यांना पदावरून दूर केले. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत प्योंगचांग आले.

या पार्श्वभूमीवर हॉकीचा निर्णय पाहावा. १७ जानेवारीला पानमुनजोममध्ये दोन्ही सरकारांचे ठरले, २० तारखेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने शिक्कामोर्तब केले. दक्षिणेच्या २३ आणि उत्तरेच्या १२ अशा ३५ मुलींचा संघ. सामन्याला मात्र बावीसच जणी उतरणार, आणि त्यांत उत्तरेच्या किमान तिघी हव्यातच. म्हणजे दर सामन्याला दक्षिणेच्या निदान चौघी बाहेर, आणि हे त्यांना कळले स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. या मुलींचे जीवन आपल्या वाचकाला सहज समजेल. देशात तेव्हा महिलांचा ना व्यावसायिक संघ होता, ना महाविद्यालयीन; खेळायचे ते राष्ट्रीय संघातूनच, तुटपुंज्या भत्त्यावर. बदल खेळाडूंना जड जाणार, हे प्रशिक्षक सारा मरे यांनी उघडपणे सांगितले होते. त्यावर पंतप्रधान ली नाक-यन म्हणाले की हा संघ तसाही पदकाच्या टप्प्यात नाही. पुढे त्यांना माफी मागावी लागली.

इथे थोडे थांबू. पदकाच्या मापाने खेळ मोजला तो पंतप्रधानांनी. गॅलरीने त्यांना सुनावले, की पदक मिळो न मिळो, ज्या मुलीने चार वर्षे घाम गाळून जागा मिळवली ती जागा तिचीच. त्या महिन्यातल्या एका चाचणीत सुमारे ७२ टक्के लोक म्हणाले की संयुक्त संघाचा अट्टहास नको. तरुणांत हे प्रमाण आणखी जास्त होते. उत्तर कोरियाने स्पर्धेत यावे याला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती न विचारता कोणाची तरी जागा काढून देण्याला. आपल्याकडे संघनिवडीनंतर चहाच्या टपरीवर चालणारी चर्चा ज्याने ऐकली आहे, त्याला हा राग परका वाटू नये. (फरक इतकाच की आपली चर्चा चहाबरोबर संपते.)

मग सामने सुरू झाले. १० फेब्रुवारीला स्वित्झर्लंडकडून ०–८, १२ तारखेला स्वीडनकडून पुन्हा ०–८. निर्णयाला विरोध करणाऱ्यांना ‘पाहा, सांगितले होते’ म्हणायची याहून चांगली संधी कुठली? पण सामने झाले त्या गांगनुंगच्या रिंकवर मुलींची हुर्यो उडाली नाही. १४ तारखेला जपानविरुद्ध रँडी हीसू ग्रिफिनने पहिला गोल केला. अमेरिकेत वाढलेली, आई कोरियन. तिला पास देणारी पार्क यून-जंगही कोरियात जन्मून मिनेसोटात दत्तक गेलेली. फटका म्हणावा असा फटकाही नव्हता तो; पक रडतखडत गोलरक्षक मुलीच्या पायांमधून सरकला. त्यावर अख्खे सभागृह उठून उभे राहिले. सामना १–४ ने गेला. पाचही सामने हरले, केलेले गोल दोन, खाल्लेले अठ्ठावीस. दुसरा गोल शेवटच्या सामन्यात, पियानोचे शिक्षण घेतलेल्या हान सू-जिनने केलेला. त्या सामन्यानंतर दोन्हीकडच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत राहिले. स्पर्धेनंतर संयुक्त संघाविषयीचे जनमतही मवाळ झाले. विरोध निर्णयाला होता, मुलींना नव्हता, आणि हा फरक प्रेक्षकांनी पाळला.

जपानचा विषय निघालाच आहे तर १८ फेब्रुवारीकडे यावे लागेल. कोरिया आणि जपान यांच्यातला जुना हिशेब सर्वश्रुत आहे. ५०० मीटर स्पीड स्केटिंगमध्ये ली सांग-ह्वा व्हँकुव्हर आणि सोची या ऑलिंपिकमध्ये लागोपाठ दोन सुवर्णपदके जिंकून घरच्या बर्फावर तिसऱ्यासाठी उतरणार होती. तिच्या आधीच्याच जोडीत जपानची नाओ कोदाइरा ३६.९४ सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम करून गेली. तिचे पाठीराखे ओरडू लागले, तेव्हा कोदाइराने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केले. लीला सुरुवात शांततेत मिळावी म्हणून. लीने ३७.३३ सेकंद घेतले. रौप्य. रडत रडत ती फेरी मारत असताना कोदाइरा थांबली, तिला जवळ घेतले, कोरियन भाषेत शाबासकी दिली, आणि दोघी आपापले झेंडे घेऊन बरोबर स्केटिंग करत गेल्या. कोरियन प्रेक्षकांनी या जपानी बाईला डोक्यावर घेतले. पूर्वी सोलमधल्या एका स्पर्धेनंतर विमान गाठायची घाई असताना लीने टॅक्सी बोलावून भाडेही दिले होते, ही कोदाइराने सांगितलेली आठवण कोरियात घरोघरी पोचली. आपला तिसरा मुकुट हिरावून घेणारीचे एवढे कौतुक पदकलोभी गर्दी करत नसते.

आता पूर्वपक्षाचा सगळ्यात बळकट साक्षीदार, तो सहा लाख सह्यांचा अर्ज. १९ फेब्रुवारी, महिलांची टीम परस्यूट. या शर्यतीत संघात तिघी असतात आणि वेळ मोजली जाते ती तिसरीचे स्केट रेषा ओलांडेल तेव्हाची, म्हणून तिघींनी एकमेकींना धरून राहायचे असते. कोरियाच्या किम बो-रुम आणि पार्क जी-वू पुढे निघून गेल्या, नो सन-यंग सुमारे चार सेकंद मागे राहिली. नंतरच्या मुलाखतीत किमने वेळ बिघडल्याचे खापर मागे राहिलेलीवर फोडल्यासारखे वाटले, आणि बोलताना ती हसल्यासारखी दिसली. देश पेटला. किम आणि पार्क यांना काढा, अशी मागणी झाली. नोचे नाव आधी संघटनेच्या नियमवाचनातल्या चुकीमुळे गळले होते आणि ऐन वेळी परत आले होते. तिचा धाकटा भाऊ, तोही स्केटपटू, २०१६ मध्ये कर्करोगाने गेला होता. लोकांना हे सगळे ठाऊक होते.

हा राग चुकीचा ठरला, हे आधी मान्य करतो. मे महिन्यात क्रीडा मंत्रालयाच्या चौकशीत ठरवून एकीला एकटे पाडल्याचे आढळले नाही. २०२२ मध्ये न्यायालयाने उलट नोलाच किमशी आधी केलेल्या शिवीगाळीबद्दल ३० लाख वॉन भरपाई द्यायला सांगितले. दुसरी बाजू न ऐकता निकाल दिला गेला, आणि त्याची किंमत एका तरुण मुलीने मोजली. पाच दिवसांनी मास स्टार्टमध्ये रौप्य जिंकून किमने झेंडा बर्फावर ठेवला आणि गुडघे टेकून, माथा टेकवून प्रेक्षकांची क्षमा मागितली. तो फोटो आजही बघवत नाही.

पण या रागाची दिशा पाहा. पदकाची हाव असती तर तो मागे पडलेलीवर निघाला असता. वेळ तिच्यामुळे गेली होती. लोक मागे पडलेलीच्या बाजूने उभे राहिले आणि पुढे धावलेल्यांना जाब विचारला. तथ्य चुकले, निवाडा चुकला, तरी माप तेच होते, सोचीत आणि हॉकीत होते ते. २००२ चा उद्रेकही पंचांनी अन्याय केला या समजुतीतूनच आला. म्हणून काही बुतँला आलेल्या धमक्यांचे समर्थन मी करणार नाही. पंचांच्या निर्णयाचा सूड खेळाडूवर उगवणे हे तर त्याच मापाने खोटे ठरते. मात्र काही हजार बेशरमांच्या बळावर एका देशाच्या प्रेक्षकाचे चरित्र लिहू नये.

आणि संशय घ्यायला जागा होती की नव्हती? किमला निर्दोष ठरवणाऱ्या त्याच चौकशीने स्केटिंग संघटनेच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. कर्लिंगमध्ये रौप्य मिळवून देशाच्या लाडक्या झालेल्या, लसणासाठी प्रसिद्ध असलेल्या उइसंगच्या किम आडनावाच्या पाच मुलींनी नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रशिक्षकांच्या जाचाविरुद्ध जाहीर तक्रार केली. गॅलरीला आत काहीतरी कुजल्याचा वास येत होता. तो खरा होता. बोट चुकीच्या मुलीकडे गेले.

संयुक्त संघाची कल्पना पुढे पुन्हा निघाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये लोझानला दोन्ही कोरिया आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती यांनी टोकियोसाठी चार खेळांत एकत्र उतरायचे ठरवले. या वेळी तयार जागा देऊ केली नव्हती. पात्रता स्पर्धांपासून एकत्र खेळून ती मिळवायची होती. वर्षभरापूर्वी गांगनुंगच्या प्रेक्षकांनी मागितले होते ते एवढेच.