कट्यार किती जुनी?

गेल्या खंडेनवमीला अडाजणमधल्या एका परिचित काकांकडे शस्त्रपूजेसाठी गेलो होतो. निवृत्तीनंतर त्यांना हत्यारे जमवण्याचा नाद लागला आहे. पूजा झाल्यावर त्यांनी लाल मखमलीत गुंडाळलेली एक कट्यार आमच्यासमोर ठेवली. पात्याच्या मधोमध उंच शीर, मुठीवर सोन्याची वेलबुट्टी. सगळ्यांच्या तोंडून एकच प्रश्न निघाला, "काका, किती जुनी?"

"अजून वर्षाचीही झाली नाही," काका म्हणाले. "उदयपूरच्या कारागिराकडून सांगून करून घेतली. आठ महिने लागले."

ती हातात घ्यायला पुढे झालेले दोघे-तिघे मागे सरले. "म्हणजे शोभेचीच!" असेही कोणी म्हणाले. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला माणूस; कोणतीही वस्तू दिसली की आधी सांधा पाहतो. ती कट्यार मी बराच वेळ न्याहाळली, आणि जुन्या-नव्याचा हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला.

कट्यारीची घडण इतर हत्यारांपेक्षा वेगळी असते. दोन बाजूंना दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. ते दांडे मुठीत धरले की पाते हाताच्या सरळ रेषेत येते आणि ठोशाचा सगळा जोर टोकावर जातो. चिलखताच्या कड्या फोडता याव्यात म्हणून पुष्कळ कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते. मुठीवरचे सोनेरी काम म्हणजे कोफ्तगिरी. पोलादावर आधी बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून तो खरखरीत करायचा, त्यावर सोन्याची केसासारखी तार ठोकून बसवायची आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटायची. हात जरा चुकला तर तार उचकटते.

हे काम अजून जिवंत कसे राहिले? 1857 नंतर इंग्रजांनी ठिकठिकाणी हत्यारे काढून घेतली. 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याची अट घातली. शिलेदार हे गिऱ्हाईक संपले. मग कारागिरांना उरले संस्थानिक, प्रदर्शने आणि संग्राहक. 8 नोव्हेंबर 1875 रोजी इंग्लंडचा युवराज मुंबईत उतरला. त्या दौऱ्यात संस्थानिकांनी त्याला ढिगाने शस्त्रे भेट दिली. कोल्हापूरहून 'जगदंबा' तलवार गेली ती याच वेळी. पण सगळ्याच भेटी काही घराण्यातल्या जुन्या नव्हत्या. कित्येक वस्तू खास भेटीसाठी घडवलेल्या होत्या. तो नजराणा पुढे 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडला गेला. त्याचे वर्णन लिहिणारा जॉर्ज बर्डवुड आपल्या बेळगावात जन्मलेला. हिंदी कारागिराचा हात त्याने जगाला दाखवला.

जुन्या शस्त्रांच्या नशिबी मात्र काय आले? तंजावरच्या कट्यारी कोरीव मुठींसाठी आजही जगभर नावाजल्या जातात. 1855 मध्ये तिथले भोसले राजे शिवाजी पुत्राविना वारले आणि राज्य गेले. पुढे राजवाड्यातल्या शस्त्रागाराची वाताहत झाली. काही नग मद्रासच्या संग्रहालयात गेले आणि फार मोठा साठा मोडून भंगाराच्या भावाने विकला गेला. मराठ्यांच्या राजधानीतल्या त्या कट्यारींना 'जुनेपण' वाचवू शकले नाही.

यातल्या कितीतरी कट्यारींचे पाते मुळात युरोपातल्या तलवारीचे आहे! फिरंगी पाते मोडले की त्याचा चांगला तुकडा घेऊन त्यावर देशी मूठ चढवत. अशी पाती परदेशातून येत, त्यात आपली सुरतही मागे नव्हती. इथे वखार थाटणाऱ्या इंग्रजांनी आणलेल्या मालात तलवारीची पातीही होती, आणि सुरतेत बनलेल्या गेंड्याच्या कातड्याच्या ढाली अरबस्तानाकडे जात. नवे-जुने, देशी-परदेशी असा सोवळेपणा पूर्वजांनी पाळला नाही. पोलाद चांगले आणि हात चांगला, एवढेच त्यांनी पाहिले.

जुनेपणाच्या या हव्यासात मीही एकदा फसलो आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी एका किल्ल्याच्या पायथ्याशी 'पेशवेकालीन' म्हणून साडेचार हजारांना कट्यार घेतली. छान गंजलेली, काळवंडलेली. घरी आणून मुठीजवळचा काळा थर घासला तर खाली विजेच्या वेल्डिंगचा चकचकीत मणी! आम्लात बुडवून, ओल्या मातीत पुरून दोन-तीन महिन्यांत दोनशे वर्षे चढवलेली. पैसे गेल्याचे दुःख नाही. वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी तिची खोटी कहाणी सांगितली, माझ्या मुलालाही. त्याला खरे सांगताना जीभ जड झाली.

म्हणून काकांची कट्यार मला अधिक मोलाची वाटते. ती आपले वय लपवत नाही. काकांनी मूठ उलटी करून दाखवली. आतल्या बाजूला, हाताला लागणार नाही अशा जागी, कारागिराचे नाव आणि साल देवनागरीत कोरलेले होते. "तो नको म्हणत होता," काका म्हणाले. "आमच्यात मालकाचे नाव घालतात, म्हणाला. मी हट्टच धरला."

जुनी शस्त्रे पाहताना ती कोणी चालवली हे आपण हौसेने सांगतो. कोणी घडवली हे बहुतेक वेळा कोणालाच ठाऊक नसते. हौशी मंडळींना एवढेच सांगेन की सांगून करून घ्यायचे असेल तर कारागिराचे नाव आणि साल कोरून घ्या, बिल जपून ठेवा. नऊ इंचांहून लांब पात्याला शस्त्र कायद्याचे नियम लागू शकतात, तेव्हा आधी पोलीस ठाण्यात चौकशी करा.

गणपतीची मूर्ती आपण दरवर्षी नवीच आणतो. तिच्या हातात परशू असतो, अंकुश असतो. मूर्ती किती जुनी, असे कोणी विचारत नाही. यंदा कोणाकडून आणली, हे मात्र आवर्जून विचारतो. पुढच्या वेळी कोणाकडे कट्यार पाहिली तर मीही आधी तेच विचारणार आहे.