संघजुळणी, नेमबाजीच्या संगणकीय खेळांतील
आंतरजालाद्वारे जोडल्या गेलेल्या खेळाडूंमधून शक्य तितके समबल संघ बनविण्याची क्रिया. असे खेळाडू बहुधा परस्परांस अपरिचित असतात व त्यांच्या कौशल्यात मोठी तफावत असते. जुळणी सदोष झाल्यास सामन्याचा निकाल आरंभीच ठरल्यासारखा होतो आणि नवशिके खेळ सोडून जातात.

क्वेक या खेळाची आंतरजालासाठी सुधारलेली क्वेकवर्ल्ड ही आवृत्ती १९९६ मध्ये निघाली. त्या काळी खेळाडू यादीतून संदेशवहनास कमी विलंब लागणारा सर्व्हर स्वतःच निवडीत. नित्य येणारे खेळाडू एकमेकांस ओळखत व संघ विषम झाल्यास एखादा दुसऱ्या बाजूस जाई. हेलो २ (२००४) या खेळाने ही रीत पालटली. खेळाडूने सामन्याचा प्रकार तेवढा निवडावयाचा. प्रतिस्पर्धी यंत्रणा शोधी. मित्रांचा गट मात्र एकत्र राही.

कौशल्यमापनाची मूळ कल्पना बुद्धिबळातील आहे. आर्पाद एलो (१९०३–९२) या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन भौतिकीविज्ञांची गुणांकनपद्धती अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये व जागतिक महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. तीनुसार २०० गुणांनी सरस असलेल्या खेळाडूस सरासरीने सु. ७६ टक्के यश अपेक्षित असते. तथापि ही पद्धती दोघांतील सामन्यांसाठी होती. संघाच्या विजयाचे श्रेय सभासदांत कसे वाटावयाचे, हा प्रश्न तीत उद्भवत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज (इंग्लंड) येथील संशोधकांनी त्यासाठी ट्रूस्किल ही पद्धती विकसित केली. हेलो ३ (२००७) मध्ये तिचा वापर झाला. तीत कौशल्याचा अंदाज व त्या अंदाजाची अनिश्चितता अशी दोन मूल्ये ठेवतात. सामने वाढत जातात तशी अनिश्चितता घटते. संघाचे बळ म्हणजे सभासदांच्या बळांची बेरीज, असे ती मानते. परंतु सरावलेल्या मित्रांचा गट बेरजेहून प्रबळ ठरतो. म्हणून २०१८ मधील सुधारित पद्धतीत गटाचे सभासदत्व, अनुभव व सामना अर्धवट सोडण्याची प्रवृत्ती यांचाही विचार केलेला आहे.

कौशल्य समान असूनही भूमिकांची वाटणी बिघडल्यास संघ दुबळा होतो. ओव्हरवॉच (२०१६) या खेळात २०१९ मध्ये सहांच्या संघात संरक्षक, आक्रमक व साहाय्यक प्रत्येकी दोन असावेत, असा नियम झाला. आक्रमकाची भूमिका सर्वांत लोकप्रिय असल्याने ती मागणाऱ्यांस अधिक काळ तिष्ठावे लागू लागले.

कौशल्य, प्रतीक्षाकाळ व संदेशवहनातील विलंब ही तिन्ही उद्दिष्टे एकाच वेळी पूर्णपणे साधत नाहीत. जुळणी काटेकोर झाली, की खेळाडूचे कौशल्य वाढूनही त्याच्या विजयाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास राहते. त्यामुळे निष्णात खेळाडूंस ती जाचक वाटते. कॉल ऑफ ड्यूटीच्या प्रकाशकांनी २०२४ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुळणीतील कौशल्याचे महत्त्व कमी करताच, अतिकुशल वगळता, बहुसंख्य खेळाडूंचे खेळाकडे परतण्याचे प्रमाण घटले होते. थोड्यांची सहज मिळणारी जीत ही अनेकांच्या पराभवातूनच येते, हे त्यावरून दिसते. पूर्वी समतोल खेळाडू आपसांत व उघडपणे ठरवीत. आता तो त्यांस न दिसणाऱ्या गणिताने ठरतो. जुळणीच्या न्याय्यतेविषयीच्या वादाचे मूळ बव्हंशी या बदलात आहे.