जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर : एका हुनराची हकिगत

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, सनदा, फर्माने आणि नाणी डोळ्यांपुढे येतात. आपल्या मोहल्ल्यातल्या कारागिरांनी मात्र कागद फारसे मागे ठेवले नाहीत. मागे राहिल्या त्या त्यांच्या हातून गेलेल्या वस्तू, आणि त्याही आता भंगारात निघाल्या आहेत. १९७० च्या दशकातला स्टिरिओ ॲम्प्लिफायर हे असेच एक साधन आहे. तो उघडणाऱ्याला त्याचा काळ ठाऊक नसेल, तर बिघाडही नीट सापडत नाही.

स्टिरिओची कल्पना इंग्लंडमधल्या ॲलन ब्लमलिनची. त्याने १९३१ साली पेटंटसाठी अर्ज केला. तबकडीच्या एकाच खाचेत डावा आणि उजवा असे दोन आवाज साठवायचे, ही त्यातली मुख्य गोष्ट. अशा तबकड्या बाजारात यायला मात्र १९५७-५८ उजाडले. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली व्हॉल्व्ह आणि १९६२ साली जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवायला घेतले. ठाण्यात मर्फीचे रेडिओ तयार होत, पुण्याजवळ फिलिप्सचे. कोलकात्यात १९७० साली सोनोडाइन सुरू झाली. १९७५ मध्ये 'शोले' मोठ्या शहरांत ७० मिलिमीटरच्या पडद्यावर स्टिरिओ आवाजात लागला आणि त्याच्या संवादांच्या तबकड्याही विकल्या गेल्या. दोन बाजूंनी आवाज येतो म्हणजे काय, हे पुष्कळांना तेव्हा पहिल्यांदा कळले.

परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवरचे निर्बंध यांचा तो काळ. नेमका हवा तो सुटा भाग क्वचित मिळे. म्हणून त्या काळच्या पेट्यांत मूळ भागांच्या जागी 'चालेल असे' भाग बसवलेले दिसतात. उघडलेली पेटी म्हणजे आधीच्या मिस्त्रींनी लिहिलेली बखरच. तीत प्रक्षिप्त मजकूरही असतो, आणि तो ओळखावा लागतो.

भंडाऱ्याच्या बाजारात एका उस्तादांकडे मी सुटीत बसत असे. बिघडलेली पेटी ते कधीही थेट विजेला लावत नसत. साठ किंवा शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून मगच बटण दाबायचे. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट. बऱ्याचदा आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असतो. पेटी बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. ती उतरवल्याशिवाय आत बोट घालायचे नाही.

मग कान. घरघर दोन प्रकारची असते. आपल्या विजेची गती ५० हर्ट्झ. तारेचे वेष्टन किंवा अर्थ तुटले असेल तर तोच खर्जातला सूर ऐकू येतो आणि आवाज कमी केला की बहुधा तोही उतरतो. पॉवरचा कंडेन्सर सुकला असेल तर सूर १०० हर्ट्झचा, म्हणजे बरोबर एक सप्तक वर, आणि व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तो हटत नाही. हार्मोनियमवर बोटे फिरवलेला माणूस हा फरक मीटरशिवाय सांगतो. कव्वालीच्या मैफिलींत लहानाचे मोठे झालेले कान इथे असे कामी आले.

स्टिरिओची एक खुबी मला इतिहासाचा शिक्षक म्हणून फार भावते. आत दोन सारखे भाग असतात, आणि सहसा एकच बिघडतो. तेव्हा शाबूत बाजू साक्षीदार ठरते. तिच्या प्रत्येक बिंदूवरचे व्होल्टेज मोजायचे, तेच आजारी बाजूला मोजायचे. दोन आकडे जिथे वेगळे होतात तिथे थांबायचे. सर्किटचा नकाशा नसला तरी चालते. पुष्कळदा तो नसतोच.

जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर उष्णतेला नाजूक. गरम होताच त्यातून जास्त वीज गळते. त्या गळतीने तो आणखी तापतो आणि शेवटी जळतो. विदर्भातला मे महिना त्याला कसा मानवणार? आता त्या जातीचे ट्रान्झिस्टर सहज मिळत नाहीत, म्हणून सिलिकॉनचे बसवतात. पण जर्मेनियम साधारण ०.२ ते ०.३ व्होल्टला जागे होते, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात. बायस न बदलता नुसता ट्रान्झिस्टर बदलला की आवाज फाटतो, आणि दोष बिचाऱ्या नव्या भागाला दिला जातो.

आता झाळणीबद्दल. भंडारा हा पितळी भांड्यांचा जिल्हा. भांडी आली की कल्हई आली, आणि कल्हई करणाऱ्यांत आपल्या समाजातली कुटुंबे होती. कल्हईतले कथील तेच, जे झाळण्याच्या तारेत शिशाबरोबर असते. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळते, तर ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांनाच. पण कल्हईचा नवसागर इथे चालत नाही. तो तांब्याच्या पातळ पट्ट्या खाऊन टाकतो. इथे राळच हवी. तापून-थंडावून जुन्या टाक्याभोवती केसाएवढी भेग पडते आणि पेटीला थाप मारली की आवाज येतो-जातो. मिस्त्री याला ड्राय म्हणतात. निम्म्या वेळा बिघाड एवढाच असतो.

भाषेची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. उर्दू पाठ्यपुस्तकात आम्ही 'मुजाहमत' शिकवतो, मराठीत तोच 'रोध', दुकानात 'रेझिस्टन्स'. 'मुकस्सिफा' आणि 'संधारित्र' यांना तर मिस्त्री ओळखतच नाही, त्याच्यासाठी तो 'कंडेन्सर'. १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानही उर्दूत शिकवले जाई आणि मराठवाड्यातली मुलेही तिथे जात. शास्त्राला आपल्या भाषेत शब्द नव्हते असे नाही. पण ते वर्गातून दुकानापर्यंत पोहोचले नाहीत, आणि दुकानातले ज्ञान वर्गात आले नाही. माझ्या वर्गात रोधाचे सूत्र तोंडपाठ असणारी मुले आहेत. रोधक हातात दिला तर त्याच्या रंगीत पट्ट्या त्यांना वाचता येत नाहीत.

वाचकांपैकी कोणाच्या घरी अशा दुकानाची वही असेल, तर ती रद्दीत देऊ नका. कोणत्या पेटीत कोणता भाग कशाच्या जागी बसवला, मजुरी किती घेतली, सुटे भाग नागपूरहून आणले की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, हे त्यात असते. वही नसेल आणि उस्ताद हयात असतील, तर एक दुपार त्यांच्याजवळ बसून हे विचारून घ्यावे.