लाइन (धाराशिव जिल्ह्यातील वापर)

लाइन : स्त्री.; अनेकवचन लाइनी. इंग्रजीतून मराठीत रुळलेला शब्द. धाराशिव (2023 पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्याच्या खेड्यांत त्याचा पहिला अर्थ वीज. ‘लाइन आली का?’ ही विचारणा घरातल्या दिव्यापेक्षा विहिरीवरच्या मोटारीसाठी अधिक असते. मोटारीला थ्री फेज लागते आणि ती पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. ‘या आठवड्यात रात्रीची लाइन हाय’ एवढ्यावर ऐकणाऱ्याला कळते, की दारे धरायला बॅटरी घेऊन रानात जायचे आहे. खांबावर चढतो तो लाइनमन किंवा वायरमन. रोहित्र बिघडले, तर मात्र ‘लाइन गेली’ पुरत नाही, ‘डीपी जळाली’ म्हणतात. गेलेली लाइन तासाभरात येईल अशी आशा असते. जळालेल्या डीपीसाठी वर्गणी, हेलपाटे आणि सुकणारा ऊस.

दुसरा अर्थ जलवाहिनी. ही लाइन ‘टाकतात’ आणि ती ‘फुटते’. क्रियापदावरून अर्थ उमगतो. शेजारच्या रानातून ती नेण्यावरून भावकीत वाद होतात. अशी परवानगी जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 49 खाली तहसीलदाराकडे मागता येते, हे कायदा न वाचलेल्यांनाही ठाऊक असते. धाराशिव शहराला उजनीचे पाणीही लाइनीनेच येते.

रेल्वेची लाइन त्यामानाने दूरची. 1897 मध्ये सुरू झालेली, अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट पुढे येडशीवरून लातूरला गेली. जिल्ह्याचे ठाणे बाजूलाच राहिले. रूळ रुंद करताना मार्ग वळवला, तेव्हा कुठे शहराला स्टेशन मिळाले. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव ही नवी लाइन त्यानंतरची.

तुळजापुरात लाइन म्हणजे दर्शनाची रांग. नवरात्रात तिची लांबी हाच परतलेल्या भाविकाला पहिला प्रश्न. ‘रांग’ फलकावर आणि भोंग्यावर; तोंडात लाइनच.

इतर : पोलीस लाइन (वसाहत); लाइनदोरी (गवंड्याची); ‘पोरगं लाइनीला लागलं’ (पोटापाण्याला लागले); ‘ही आपली लाइन न्हाई’ (धंदा); लाइन मारणे (पोरींच्या मागे लागणे; थोरांसमोर बोलत नाहीत). सातबारा, पीकविम्याचे ‘ऑनलाइन’ स्वतंत्र शब्द मानावा. त्याचे अडते तेव्हा ‘लाइन गेली’ नव्हे, ‘सर्व्हर डाउन’ म्हणतात.