महामार्गात जमीन गेली? भरपाईच्या कायद्याचा अर्थ न्यायालयाने कसा लावला

रायपूर–विशाखापट्टणम सहापदरी महामार्गासाठी रायपूर जिल्ह्यातील अभनपुर तहसिलीतल्या शेतकऱ्यांची जमीन संपादित झाली आहे. तुमची जमीन त्यात असेल, तर निवाड्यातील एकूण आकडा पाहून थांबू नका. त्या आकड्यात कायद्याने देय असलेला प्रत्येक भाग आहे का, हे तपासा. यातील काही भाग शेतकऱ्यांना न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावल्यामुळे मिळाले आहेत.

कोणता कायदा लागू होतो?

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली घेतली जाते. टप्पे असे:

- कलम ३अ: जमीन घेण्याचा इरादा जाहीर होतो. हरकत नोंदवण्यासाठी २१ दिवस मिळतात.
- कलम ३ड: घोषणा होते आणि जमीन केंद्र सरकारकडे जाते.
- कलम ३ग: सक्षम प्राधिकारी भरपाई ठरवून निवाडा देतो.
- कलम ३ह: रक्कम जमा होते आणि वाटली जाते.

वाद कशाचा होता?

जमीन मनाविरुद्ध गेली म्हणून बाजारभावाशिवाय जी रक्कम मिळते, तिला दिलासा रक्कम म्हणतात. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात ती ३० टक्के होती. महामार्ग कायद्याच्या कलम ३ज मध्ये मात्र १८९४ चा कायदा येथे लागू होणार नाही, असे लिहिले होते. त्यामुळे कालव्यासाठी जमीन गेलेल्याला दिलासा रक्कम मिळे आणि महामार्गासाठी जमीन गेलेल्याला मिळत नसे.

न्यायालयाने काय ठरवले?

कलमाचे शब्द स्पष्ट असले, तरी ते संविधानाशी जुळतात का, हे न्यायालय तपासते. तसाच प्रश्न आधी नागपुरात आला होता. नागपूर सुधार प्रन्यास विरुद्ध विठ्ठल राव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७२ मध्ये निकाल दिला. जमीन कोणत्या कायद्याखाली गेली, याने मालकाच्या नुकसानीत फरक पडत नाही. म्हणून फक्त कायदा वेगळा आहे या कारणाने कमी भरपाई देणे हे संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील समानतेच्या विरुद्ध आहे, असा त्याचा आशय होता.

१९ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकार विरुद्ध तरसेम सिंह या प्रकरणात न्यायालयाने हाच आधार घेतला. दिलासा रक्कम आणि व्याज नाकारण्यापुरते कलम ३ज घटनाबाह्य ठरले. हा निकाल केवळ पुढील प्रकरणांना लावावा, अशी विनंती राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने केली होती. ती ४ फेब्रुवारी २०२५ रोजी फेटाळली गेली. त्यानंतर प्राधिकरणाने पुनर्विचार याचिकाही केली. म्हणून जुने, बंद झालेले प्रकरण उघडण्यापूर्वी वकिलाकडून आजची स्थिती विचारून घ्या.

निकाल तुम्हाला लागू होतो का?

निकाल आहे एवढ्यावर कोणालाही पैसे मिळत नाहीत. वकील आधी तीन गोष्टी पाहतात: संपादन कोणत्या कायद्याखाली झाले, कोणत्या तारखेला झाले आणि प्रकरण चालू आहे की संपले.

- १९९७ ते २०१४ मधील संपादन: तरसेम सिंह निकालाचा विषय हाच काळ आहे. ३० टक्के दिलासा रक्कम आणि व्याजाचा प्रश्न येथे येतो.
- १ जानेवारी २०१५ नंतरचे संपादन: भरपाई २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील तरतुदींनुसार ठरते. दिलासा रक्कम १०० टक्के असते. अभनपुरातील या महामार्गाची प्रकरणे या गटात येतात.

हिशेब कसा तपासावा?

समजा, जमिनीचा बाजारभाव १० लाख रुपये, झाडे व विहिरीची किंमत १ लाख रुपये आणि गुणक १ धरला आहे.

- जमीन, झाडे व विहीर: ११ लाख
- १०० टक्के दिलासा रक्कम: ११ लाख
- बाजारभावावर वर्षाला १२ टक्के, एका वर्षाचे: १ लाख २० हजार
- एकूण: २३ लाख २० हजार रुपये

ग्रामीण भागातील गुणक १ ते २ यांच्या दरम्यान असतो. तुमच्या निवाड्यात कोणता गुणक धरला आहे, ते पाहा. बाजारभाव ठरवताना आधीच्या तीन वर्षांतील आसपासच्या तशाच जमिनींची खरेदीखते विचारात घेतली जातात. त्यांच्या प्रती जमवा.

रक्कम कमी वाटली तर काय करावे?

१. निवाड्याची प्रत मागा. बी-१, खसरा पी-२, ऋण पुस्तिका आणि बँक पासबुक जवळ ठेवा.

२. रक्कम घेताना "हरकत कायम ठेवून स्वीकारत आहे" असे लिहून द्या आणि पोच घ्या.

३. कलम ३ग(५) खाली केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करा. हे काम बहुधा विभागीय आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे असते. उशीर करू नका.

४. सगळे पुरावे लवादापुढेच द्या. लवादाच्या निर्णयाविरुद्ध साधारण तीन महिन्यांत जिल्हा न्यायालयात जाता येते. पण तेथे नव्याने भाव ठरवून घेण्याला फारच थोडा वाव असतो.

५. भावंडांमध्ये वाटणीचा वाद असेल, तर कलम ३ह(४) नुसार तो प्रधान दिवाणी न्यायालयाकडे पाठवला जातो.

सावध राहा

अभनपुर भागातील भरपाई वाटपात गैरव्यवहार झाल्याच्या आरोपांचा तपास राज्याच्या आर्थिक गुन्हे अन्वेषण विभागाने २०२५ मध्ये हाती घेतला. जास्त भरपाई मिळवून देतो असे सांगणाऱ्या दलालाला कोरा धनादेश किंवा सही केलेला कोरा कागद देऊ नका. मागील तारखेची वाटणी किंवा खरेदीखत करू नका. त्यात तुम्ही स्वतः आरोपी होऊ शकता.

वकील परवडत नसेल तर

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांनाही हा हक्क आहे. रायपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. जाताना निवाड्याची प्रत न्या, कारण वकिलाला सर्वांत आधी त्यावरील कलम आणि तारीख पाहावी लागते.