डायलिसिसची नळी आणि नीलांची झीज : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कृत्रिम मूत्रपिंडाचा इतिहास बहुधा यंत्राचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पडदा कोणता वापरला, पंप कोणता बसविला, द्रावणात कोणते क्षार होते, यांची तपशीलवार नोंद आढळते. परंतु रुग्णाचे रक्त यंत्रापर्यंत न्यायचे कोणत्या वाटेने, हा प्रश्न या लेखनात बराच काळ दुय्यम राहिला. वस्तुतः रुग्ण किती दिवस जगणार, हे अनेकदा यंत्रापेक्षा या वाटेनेच ठरविले आहे. प्रस्तुत लेखात डायलिसिसच्या नळीचा आणि तिच्यामुळे उद्भवणाऱ्या गुंतागुंतींवर मोठी शस्त्रक्रिया टाळून केल्या जाणाऱ्या उपचारांचा मागोवा घेतला आहे. ज्या तंत्राने नीलांमध्ये प्रवेश सुलभ केला, त्याच तंत्राच्या वापरातून नीला निकामी झाल्या आणि त्या मोकळ्या करण्याचे कामही पुढे त्याच तंत्राकडे आले, ही या इतिहासातील लक्षणीय बाब होय.

रक्ताची वाट

नेदरलँड्समधील कांपेन येथे डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड रुग्णांवर वापरण्यास आरंभ केला. त्यांच्या प्रारंभीच्या रुग्णांपैकी एक २९ वर्षांची स्त्री होती. प्रत्येक वेळी रक्तवाहिनी उघडी करून तीत काचेची नळी बसवावी लागे आणि एकदा वापरलेली जागा पुन्हा उपयोगी पडत नसे. १२ वेळा रक्तशुद्धीकरण झाल्यावर अशी जागाच उरली नाही आणि ती स्त्री दगावली. यंत्र मात्र चालू स्थितीत होते. १९४५ साली कोल्फ यांच्या उपचाराने वाचलेली पहिली रुग्ण, एक ६७ वर्षांची स्त्री, तात्पुरत्या मूत्रपिंड-निकामीपणाने आजारी होती. तिला हा उपचार दीर्घकाळ घ्यावा लागला नाही, हे विसरता कामा नये.

दीर्घकालीन आजारात हा मार्ग मोकळा केला तो सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी. मार्च १९६० मध्ये वेन क्विंटन यांनी घडविलेल्या टेफ्लॉनच्या नळ्या क्लाइड शील्ड्स या रुग्णाच्या हातातील धमनी व नीला यांत कायमच्या बसविण्यात आल्या. शील्ड्स त्यानंतर ११ वर्षे जगले. तथापि शरीराबाहेर राहणाऱ्या या नळीत गुठळ्या होत, जंतुसंसर्ग होई आणि जागा वारंवार बदलावी लागे. १९६६ साली न्यूयॉर्कमधील ब्रेशिया, सिमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाजवळ धमनी व नीला त्वचेखालीच एकमेकींना जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हीच आजची फिस्टुला. तिच्यात बाहेरचा कोणताही पदार्थ शरीरात ठेवावा लागत नाही. मात्र ती सुईसाठी तयार होण्यास काही आठवडे, प्रसंगी महिने लागतात. रुग्ण तेवढे थांबू शकत नसेल तर काय करायचे, या प्रश्नातून नळीचे महत्त्व वाढत गेले.

नळीचे मूळ स्टॉकहोममध्ये आहे. स्वेन-इवार सेल्डिंगर या क्ष-किरणतज्ज्ञाने १९५३ साली एक साधी कृती मांडली : सुईने रक्तवाहिनी टोचावी, सुईतून लवचीक तार आत सरकवावी, सुई काढावी आणि तारेवरून नळी आत न्यावी. लंडनच्या डॉ. स्टॅनली शाल्डन यांनी १९६१ साली हीच कृती वापरून जांघेतील रक्तवाहिन्यांतून डायलिसिस केले. शल्यचिकित्सकाच्या मदतीविना, रुग्णाच्या खाटेपाशीच रक्ताची वाट मिळू लागली. पुढे ही नळी जत्रुकास्थीखालील नीलेत, म्हणजे कॉलर बोनच्या खालून, बसविली जाऊ लागली. १९७९ च्या सुमारास टोरांटोच्या डॉ. उल्डॉल यांच्या कार्यामुळे या पद्धतीचा प्रसार झाला. रुग्ण चालू-फिरू शके, हात मोकळे राहत. साहजिकच ती लोकप्रिय झाली.

सोयीचे मूल्य

ही सोय किती महाग पडली, हे १९८० च्या दशकात लक्षात येऊ लागले. नळी काढल्यावर काही काळाने रुग्णाचा हात सुजू लागे. क्ष-किरण चित्रण केले असता नळी जेथे टेकली होती तेथे नीला आकसलेली आढळे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रत्येकी ५० नळ्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात जत्रुकास्थीखालील नीला ४२ टक्के रुग्णांत, तर मानेतील नीला १० टक्के रुग्णांत आकसलेली आढळली. नीला आकसली की त्याच हातावरील फिस्टुलाही निरुपयोगी होण्याचा धोका असतो. तात्पुरत्या सोयीसाठी कायमचा मार्ग गमावला जात होता. त्यानंतर मानेतील उजव्या नीलेस पसंती मिळाली. १९८८ साली अमेरिकेतील श्वाब व सहकाऱ्यांनी त्वचेखालील बोगद्यातून नेलेल्या, डेक्रॉनची पट्टी असलेल्या नळीचा अनुभव प्रसिद्ध केला. पट्टीभोवती ऊती वाढून नळी स्थिर होते व जंतूंना काही प्रमाणात अटकाव होतो. नळी आता महिनोन्महिने राहू लागली, आणि तिच्या गुंतागुंतीही तितक्याच दीर्घकाळ सोबत करू लागल्या.

या दुरुस्तीची साधने मात्र वेगळ्याच आजारासाठी निर्माण झाली होती. १६ जानेवारी १९६४ रोजी पोर्टलंड येथे डॉ. चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या एका ८२ वर्षांच्या स्त्रीच्या मांडीतील धमनी तारेवरून नळ्या सरकवून रुंद केली आणि पाय वाचला. पुढे १९७४ साली झुरिचमध्ये डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी धमनी रुंद करण्यासाठी टोकाशी फुगा असलेली नळी वापरली. डायलिसिसच्या रुग्णाची बंद पडलेली नीला उघडण्यासाठी हाच फुगा कामी आला.

नळीभोवती फायब्रिनचे आवरण तयार होणे ही सर्वांत चिवट अडचण ठरली. नळीतून द्रव आत जातो, पण रक्त बाहेर ओढू लागताच आवरणाची झडप टोकावर बसते. त्यावर प्रथम गुठळी विरघळविणारे औषध नळीत भरून ठेवण्याचा उपाय होता. अमेरिकेत युरोकायनेज १९९९ साली बाजारातून गेल्यावर अल्टेप्लेज हे औषध पुढे आले. १९९० च्या दशकात जांघेतून फासा वर नेऊन आवरण खरवडून काढण्याची युक्तीही रूढ झाली. ती दिसण्यास देखणी असली तरी फार टिकाऊ ठरली नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत तारेवरून जुनी नळी काढून त्याच वाटेने नवी बसविणे अधिक उपयुक्त ठरले. त्यात आवरण फुग्याने फोडता येते आणि मुख्य म्हणजे नवी नीला खर्ची पडत नाही. सेल्डिंगरची तार येथे पुन्हा भेटते. प्रतिबंधाचाही विचार झाला : २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत आठवड्यातून एकदा हेपरिनऐवजी अल्टेप्लेज भरल्याने नळी बिघडण्याचे प्रमाण ३४.८ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले.

आकसलेली मध्यवर्ती नीला फुग्याने बहुधा उघडते. ती उघडी राहतेच असे नाही. कित्येक रुग्णांना काही महिन्यांनी पुन्हा त्याच टेबलावर यावे लागते. स्टेंट बसविल्यासही त्याच्या आत ऊती वाढून मार्ग पुन्हा अरुंद होतो. म्हणून या उपचारांना बरे करणारे म्हणण्यापेक्षा मुदत वाढवून देणारे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. परंतु ज्याची शेवटची नीला शिल्लक आहे, त्याच्या दृष्टीने मुदत हीच मोठी गोष्ट असते.

भारतात २०१६ साली प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत यंत्रे नेण्यास गती मिळाली. येथील अनेक रुग्ण आजार अखेरच्या टप्प्यात पोहोचल्यावरच तज्ज्ञाकडे येतात. त्यामुळे त्यांचे पहिले डायलिसिस फिस्टुलावर नव्हे, तर मानेतील तात्पुरत्या नळीवर होते. अशा रुग्णाच्या नीलांची झीज खरे तर त्याआधीच, सामान्य वॉर्डात, सलाइनच्या सुईने सुरू झालेली असते. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांच्या कोपराखालील नीला टोचू नयेत, गरज पडल्यास तळहाताच्या मागील नीला वापरावी, ही सूचना पाळण्यास ना तार लागते ना फुगा.