आंतरराष्ट्रीय संबंध : पदवीच्या नावापेक्षा पाया महत्त्वाचा

बारावीनंतर परराष्ट्र सेवेत जाण्याची इच्छा असलेले विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्याकडून 'आंतरराष्ट्रीय संबंध' या विषयातील पदवीची चौकशी अलीकडे वारंवार होते. विषयाच्या नावाला वलय आहे आणि खासगी विद्यापीठांत त्याचे शुल्कही मोठे आहे. त्यामुळे या पदवीतून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे प्रवेश घेण्यापूर्वीच नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

विषयाचा उगम

राज्याराज्यांमधील संबंधांचा विचार आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील मंडल सिद्धांत हा शेजारी राज्यांविषयीचाच विचार होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांच्या, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांच्या, हेतूंविषयी दिलेला इशारा मराठी वाचकांना परिचित आहे. विद्यापीठात स्वतंत्रपणे शिकविला जाणारा विषय म्हणून मात्र त्याचा जन्म पहिल्या महायुद्धानंतर झाला. युद्धे का होतात आणि ती टाळता येतील का, या प्रश्नांचा शोध घेण्यासाठी १९१९ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. भारतात १९५५ साली दिल्लीत 'इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज' सुरू झाले. १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय संबंध विभाग १९५६ पासूनचा आहे.

काय शिकविले जाते?

वास्तववाद, उदारमतवाद यांसारखे सिद्धांत, आधुनिक जगाचा इतिहास, भारताचे परराष्ट्र धोरण, संयुक्त राष्ट्रे व जागतिक व्यापार संघटना यांसारख्या संस्था, आंतरराष्ट्रीय कायदा, अर्थकारण, संरक्षण आणि एखाद्या प्रदेशाचा विशेष अभ्यास, असा अभ्यासक्रमाचा साधारण आराखडा असतो.

या विषयाचे वेगळेपण एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. अनेक जहाज कंपन्यांनी सुएझ कालव्याचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालण्यास सुरुवात केली. परिणामी नाशिकहून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा प्रवास लांबला आणि वाहतुकीचा खर्च वाढला. ही घटना समजून घ्यायची तर येमेनचा इतिहास, इराण व सौदी अरेबिया यांच्यातील स्पर्धा, सागरी कायदा, विम्याचे दर आणि नौदलांची कुवत या सर्वांची माहिती हवी. अनेक शास्त्रांतील धागे एकत्र गुंफण्याची सवय हे या विषयाचे खरे सामर्थ्य आहे. परंतु यातील एकही धागा पक्का नसेल, तर विद्यार्थ्याच्या हाती वर्तमानपत्री चर्चेपलीकडे फारसे काही लागत नाही.

पर्याय कोणते?

भारतात हा विषय आजही प्रामुख्याने पदव्युत्तर पातळीवर शिकविला जातो. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या 'स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज'मध्ये एम.ए. व पीएच.डी.चे शिक्षण दिले जाते, बी.ए.चे नाही. पदवी पातळीवर जादवपूर विद्यापीठ, सोनिपत येथील ओ. पी. जिंदाल ग्लोबल विद्यापीठ, पुण्याचे फ्लेम विद्यापीठ अशा मोजक्या ठिकाणी हा विषय किंवा त्याच्या जवळचे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. खासगी विद्यापीठांचे शुल्क सार्वजनिक विद्यापीठांच्या कितीतरी पट आहे.

दुसरा मार्ग राज्यशास्त्र, इतिहास वा अर्थशास्त्रात पदवी घेऊन नंतर आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करण्याचा. मुंबई व पुण्यातील अनेक महाविद्यालयांत तो तुलनेने कमी खर्चात साधता येतो. राज्यशास्त्राच्या पदवीत आंतरराष्ट्रीय राजकारण हा भाग असतोच. दिल्ली विद्यापीठात जायचे असल्यास २०२२ पासून 'सीयूईटी' ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयासोबत दुय्यम विषय घेण्याची सोय झाल्याने अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांची सांगड घालणेही सुलभ झाले आहे.

परराष्ट्र सेवेचा गैरसमज

ही पदवी म्हणजे राजनैतिक सेवेचे प्रवेशद्वार, हा समज चुकीचा आहे. भारतीय परराष्ट्र सेवेतील निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतूनच होते आणि तिच्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा मुख्य परीक्षेतील पाचशे गुणांचा वैकल्पिक विषय आहे, सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतही आंतरराष्ट्रीय संबंध येतात. तयारीत पदवीचा उपयोग होतो तो एवढाच. परराष्ट्र सचिव राहिलेले व पुढे परराष्ट्रमंत्री झालेले एस. जयशंकर यांची पहिली पदवी रसायनशास्त्राची. आंतरराष्ट्रीय संबंधांकडे ते नंतर वळले. २०१८ ते २०२० या काळात परराष्ट्र सचिव असलेले विजय गोखले इतिहासाचे एम.ए. आहेत आणि चिनी भाषेचे जाणकार म्हणून ओळखले जातात.

दर वर्षी परराष्ट्र सेवेच्या मोजक्याच जागा भरल्या जातात, हेही विसरून चालणार नाही. इतर संधी संशोधन संस्था, पत्रकारिता, स्वयंसेवी संस्था, निर्यात व्यवसाय आणि कंपन्यांसाठी राजकीय जोखमीचे विश्लेषण करणाऱ्या संस्था यांत आहेत. दिल्लीतील मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था किंवा मुंबईतील 'गेटवे हाऊस' ही संशोधन संस्थांची उदाहरणे. मात्र अशा ठिकाणी संशोधनाच्या कामासाठी बहुधा पदव्युत्तर शिक्षणाची अपेक्षा असते. म्हणजेच तीन किंवा चार वर्षांच्या पदवीनंतर आणखी दोन वर्षांचा खर्च आरंभीच गृहीत धरावा लागतो.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

पहिली गोष्ट, अभ्यासक्रमात अर्थशास्त्र व संख्याशास्त्राला स्थान आहे का. दुसरी, परकीय भाषा सलग किमान दोन वर्षे शिकता येते का. ती सोय नसेल, तर पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग, मॅक्सम्युलर भवन किंवा आलियाँस फ्राँसेज येथे समांतर शिक्षण घेता येईल. तिसरी, दीर्घ लेखन आणि मूळ दस्तऐवजांचे वाचन करवून घेतले जाते का. चौथी, आधीच्या तुकड्यांचे विद्यार्थी आज कुठे आहेत, याची माहिती संस्था मोकळेपणाने देते का.

शैक्षणिक कर्ज काढून महागड्या पदवीला प्रवेश घेण्याचा विचार असलेल्या कुटुंबांनी या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत. ती समाधानकारक नसतील, तर जवळच्या चांगल्या महाविद्यालयात अर्थशास्त्र किंवा इतिहास घ्यावा, जोडीला एक भाषा पक्की करावी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी पैसे राखून ठेवावेत. आंतरराष्ट्रीय संबंधांचा विद्यार्थी होण्याचा तो कमी प्रतीचा मार्ग मुळीच नाही.